व्यक्तिशः ओळखतो

गुरुनाथ देशिंगकराला एक खोड होती. समोरच्याने तोंड उघडून काही म्हणायचा अवकाश, हा विचारणार, "हे तुमचं मत झालं. माहिती काय आहे?" आंबा गोड आहे म्हणा, अमकी बाई खाष्ट आहे म्हणा, यंदा ऊन जास्त आहे म्हणा, याचा प्रश्न ठरलेला. त्याची बायको पद्मिनी सतरा वर्षं हे ऐकत आली होती. पहिली दोन वर्षं तिने उत्तरं दिली, पुढची पाच भांडून काढली, आणि मग हात टेकले. "सांख्यिकीवाल्याशी लग्न केलं की असंच व्हायचं," असं ती माहेरी मिरजेला गेली की सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे.

गुरुनाथ केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात उपसंचालक होता. अठ्ठ्याऐंशी साली बदली होऊन तो चंदीगडला आला तेव्हा गावाकडच्यांनी कपाळाला हात लावला होता. पंजाबात रोज कुठे ना कुठे माणसं मारली जात होती, आणि हा बायको आणि पोरीला घेऊन तिथे निघालेला! पण गुरुनाथ शांत. त्याने सगळ्यांना बसवून आकडे सांगितले, तक्ता काढून दाखवला आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन केलं. तक्त्यावर त्याचा भारी जीव.

आता एवढ्या काटेकोर माणसाची गंमत बघा. हा राजपत्रित अधिकारी, म्हणजे याच्या सहीला आणि गोल शिक्क्याला वजन. सेक्टर बावीसमधल्या त्याच्या भाड्याच्या घरी, वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी लोकांची रीघ लागायची. कुणाला मार्कलिस्टची प्रत खरी करून हवी, कुणाला कॅरॅक्टर सर्टिफिकेट. कॉलेजात प्रवेश, नोकरी, भाड्याची खोली, त्या दिवसांत कशालाही चांगल्या वागणुकीचा कागद मागत, आणि अर्जदार पगडीवाला तरुण असला तर जरा जास्तच मागत. कागद छापील असायचा. "मी श्री. अमुक यांना गेली तीन वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्यांचे चारित्र्य चांगले आहे." मोकळ्या जागेत नाव घालायचं, खाली सही, शिक्का, की झालं काम. गुरुनाथ कुणाला नाही म्हणत नसे. समोरचा माणूस तीन वर्षं सोडाच, तीन मिनिटांपूर्वी जिना चढून आलेला असायचा.

"अहो, डब्यात साखर आहे का विचारलं तर तुम्ही 'असावी' म्हणता," पद्मिनी एकदा म्हणालीच, "आणि या परक्या लोकांच्या चारित्र्याची खुशाल ग्वाही देता?"

"ते मत नाही गं. तो फॉर्म आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते खरंही नसतं आणि खोटंही नसतं. नुसतं भरायचं असतं."

पद्मिनीने मान उडवली आणि ती कणीक मळायला निघून गेली. त्याला मात्र आपलं म्हणणं इतकं आवडलं की सोमवारी ऑफिसातही त्याने ते दोघांना ऐकवलं.

खालच्या मजल्यावर घरमालक राहत. बलदेव सिंग, रोडवेजमधले निवृत्त ड्रायव्हर, गुडघ्यांनी अधू झालेले, बोलायला मऊ. त्यांची बायको, जिला सगळे बीजी म्हणत. आणि नव्वदच्या जूनपासून मुलगी मनजीत आणि जावई अमरीक. अमरीक तरनतारनकडच्या एका खेड्यातला, बी.एस्सी. झालेला, तिशी ओलांडलेला. गावात राहणं अशक्य झालं म्हणून आला होता. तिथे अंधार पडला की बंदूकवाले येऊन चुलीपुढे बसत आणि जेवायला वाढा म्हणत. नाही म्हणायची सोय नसे. सकाळी पोलीस येऊन विचारत, काल कुणाला जेवू घातलंत. हो म्हणायची सोय नसे. त्याला डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागत होती आणि कारखान्याने कागद मागितला होता. बलदेव सिंग गुडघे धरत, जावयाला घेऊन वर आले. गुरुनाथाने नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं आणि सही ठोकली. अमरीकला त्याने तेव्हा आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं होतं.

पुढे मात्र ओळख वाढली. गुरुनाथाची मुलगी सुमेधा तेव्हा आठवीत, आणि बीजगणित म्हटलं की रडायची. एवढा सांख्यिकीवाला बाप घरात, पण त्याच्यापुढे वही घेऊन बसली की दहा मिनिटांत दोघांचंही डोकं फिरे. अमरीक संध्याकाळी कारखान्यातून आला की तिला पाऊण तास शिकवू लागला. "पापा, भैया को सब आता है, और वो चिल्लाते भी नहीं," असं तिने बापाला तोंडावर सांगितलं. पोरगी मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत फेकायची. गुरुनाथाने तेवढ्यापुरता अपमान गिळला.

शिकवणी झाली की हे दोघे गच्चीवर जात. दिवस मावळताना कसौलीच्या डोंगरावरचे दिवे लागत ते बघत उभे राहत. गुरुनाथाला ऐकणारा माणूस हवाच असे, आणि अमरीक ऐकण्यात पटाईत. त्या फेब्रुवारीत महाराष्ट्र मंडळात गुरुनाथाचं 'मत आणि माहिती' या विषयावर भाषण झालं होतं, टाळ्याही पडल्या होत्या. त्याचं सगळं सार त्याने गच्चीवर अमरीकला हिंदीत सांगितलं. माणूस माणसाला ओळखत नाही. आपण समोरच्याचे चार प्रसंग बघतो आणि तक्त्यातली उरलेली हजार रिकामी घरं आपल्या मनाने भरतो. मी वीस हजार कुटुंबांबद्दल खात्रीने बोलू शकतो, पण एका माणसाबद्दल नाही. जो प्रामाणिक आहे त्याने एका माणसाबद्दल मत देऊच नये.

अमरीक म्हणाला, "साबजी, हमारे गाँव में भी कोई राय नहीं देता. पर वहाँ वजह दूसरी है."

"काय वजह?"

"डर, जी."

गुरुनाथ हसला. फरक आहे, म्हणाला. भीतीने गप्प बसणं वेगळं आणि विचार करून गप्प बसणं वेगळं. अमरीकने मान डोलावली, पण "बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात," एवढं म्हणालाच. खालून बीजींनी जेवायला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला.

एक्याण्णवच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, सकाळी सातच्या बसमधून पोलिसांनी अमरीकला उतरवून नेलं. बसमधल्या दुसऱ्या कामगाराने येऊन सांगितलं म्हणून कळलं तरी. दोन साध्या कपड्यातले, दोन वर्दीतले, जीप पांढरी. का नेलं, कुठे नेलं, काही नाही. बलदेव सिंग बुधवारी दिवसभर या चौकीतून त्या चौकीत हिंडले. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे नाही. त्या काळात असा नेलेला माणूस दोन-चार दिवसांत सुटला तर सुटला. नाहीतर पेपरात एका कोपऱ्यात बातमी येई, चकमकीत अमुक ठार. कधी तेही येत नसे. हे खाली सगळ्यांना माहीत होतं आणि वर सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच ते तोंडाने म्हणत नव्हतं. मनजीत दारात उंबऱ्यावर बसून होती ती उठेचना.

बुधवारी संध्याकाळी बलदेव सिंग वर आले. गुरुनाथाने खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत. "साबजी, आप बाहर के हो. ना हिंदू-सिख के झगड़े में, ना पंजाब-हरयाणा के. सरकार के अफसर हो. आपकी बात सुनेंगे." त्यांनी हात जोडले. सत्तरीच्या माणसाने हात जोडलेले गुरुनाथाला बघवेनात. "मैं चलूँगा," तो म्हणाला. आणि खरंच त्याला जायचं होतं, त्यात खोट काढायला नको.

त्याने मंडळातल्या विंग कमांडर बाळकृष्ण खऱ्यांना फोन लावला. वरपर्यंत ओळखी असलेला माणूस, कुठे शब्द टाकतील असं वाटलं. खरे पलीकडून म्हणाले, "देशिंगकर, यार, तुम्ही पोस्टिंगवर आलाय. वर्षभराने निघून जाणार. तो माणूस पक्का सरळ आहे, हे तुम्हाला माहीत आहे?" गुरुनाथ अडखळला. त्याच्या तोंडून "तसं खात्रीने..." एवढंच आलं. "मग?" खरे म्हणाले, आणि मंडळाच्या सहलीचं बोलू लागले.

गुरुवारी पोलिसांचाच फोन ऑफिसात आला. जरा बोलायचं आहे, सवड काढून या. पत्ता दिला. पंचकुल्याच्या पुढे, रस्त्याच्या आत, एक जुनं विश्रामगृह. गुरुनाथाने ऑफिसची जीप न घेता टॅक्सी केली आणि बलदेव सिंगांना बरोबर घेतलं. वाटेत तीन ठिकाणी नाक्यावर गाडी थांबवली, प्रत्येक वेळी बलदेव सिंगांना उतरवून तपासलं. गुरुनाथाला कुणी उतरायला सांगितलं नाही.

डीएसपी चाळिशीचा होता, डोळे जागरणाने लाल, आणि बोलायला अत्यंत सभ्य. तेच तर वाईट झालं. खेकसला असता तर गुरुनाथालाही आवाज चढवता आला असता. बलदेव सिंगांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आत चहा आला, बिस्किटं आली. मग डीएसपीने फायलीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"ही सही आपलीच ना?"

कारखान्याला दिलेलं सर्टिफिकेट. गुरुनाथ हो म्हणाला.

"तारीख जुलै नव्वद. आपण लिहिलंय, तीन वर्षं व्यक्तिशः ओळखतो. अमरीक चंदीगडला आला जून नव्वदमध्ये. आणि माफ करा साहेब, आपण स्वतः इथे आलात अठ्ठ्याऐंशीत. मग तीन वर्षं कुठून आली? सत्त्याऐंशीत आपण तरनतारनला जाऊन त्याला भेटला होतात?"

आकड्याची चूक! तीही वजाबाकीची, दुसरीतल्या पोराला जमेल अशी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्त्यांना लाल शाई लावणारा हा माणूस, आणि याचा स्वतःचा कागद पहिल्या ओळीतच खोटा निघाला.

"तो फॉर्म आहे," तो म्हणाला. "छापील असतो. सगळेच तसा देतात."

"मला ठाऊक आहे. माझ्या भाच्याला मीच एकाकडून आणून दिला होता." डीएसपी हसला. "म्हणजे आपण त्याला ओळखत नव्हता."

"तेव्हा नव्हतो. आता ओळखतो. माझ्या मुलीला गणित शिकवतो तो. चांगला माणूस आहे."

"हे आपल्याला माहीत आहे, की असं वाटतं?"

बघा, हा प्रश्न! वर्षानुवर्षं ज्याने साऱ्या जगाला हैराण केलं त्यालाच तो कुणीतरी इतक्या सौम्यपणे विचारला. गावात अमरीक काय करत होता? ठाऊक नाही. त्या बंदूकवाल्यांना त्याने फक्त जेवू घातलं की आणखी काही? ठाऊक नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सहा तो कुणाकुणाला भेटतो? ठाऊक नाही. चार प्रसंग आणि हजार रिकामी घरं.

"गेल्या महिन्यात एक धरला," डीएसपी सांगत होता, "तोही मुलांना शिकवायचा. फार छान शिकवायचा म्हणतात. मी आपल्याला दोष देत नाही. आपण शिकले-सवरलेले आहात, माणूस आतून कुणाला दिसतो? पण या कागदाचं मला काहीतरी करावं लागेल. हा खरा असेल तर आपण त्याला तरनतारनपासून ओळखता आणि मला पुढे पुष्कळ विचारावं लागेल. खोटा असेल तर आपल्या खात्याला कळवावं लागेल. किंवा मग आपण जे आत्ता म्हणालात तेवढंच लिहून द्या. व्यक्तिशः ओळखत नाही, रीत म्हणून सही केली. यात खोटं काही नाही."

यात खोटं काही नाही. ते वाक्य गुरुनाथाला पटलं, हेच त्याचं दुर्दैव. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी खोटं बोल म्हणत नव्हतं. उलट त्याने गच्चीवर आणि मंडळात जे टाळ्या घेऊन सांगितलं होतं तेच समोरचा माणूस अदबीने म्हणत होता. त्याला पद्मिनी दिसली, सुमेधाची शाळा दिसली, नोकरीची राहिलेली बारा वर्षं दिसली. आणि या सगळ्यावर घालायला एक स्वच्छ तत्त्व हाताशी होतं. त्याने पेन काढलं. "मी सदर इसमास व्यक्तिशः ओळखत नाही. त्याच्या चारित्र्याबाबत खात्रीने काही सांगू शकत नाही." सही केली. शिक्का आणला नव्हता, तर डीएसपी म्हणाला, चालेल. मुन्शी, म्हणजे तिथला कारकून, कागद नोंद करायला बाहेर घेऊन गेला आणि परत आणेपर्यंत आणखी एक चहा झाला.

"आणि अमरीकचं काय?" उठताना त्याने विचारलं.

डीएसपीने कागद फायलीला लावला. "त्याचं आपण कशाला विचारता? आपण तर त्याला ओळखत नाही."

बाहेर आला तेव्हा बलदेव सिंग बाकावरून धडपडत उठले. "मैंने लिख दिया है," गुरुनाथ म्हणाला. हेही खरंच होतं. म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात हातात धरले आणि कपाळाला लावले. परतताना टॅक्सीत दोघे आपापल्या खिडकीतून बघत बसले.

त्या संध्याकाळी बीजींनी वर लोण्याचा गोळा आणि पराठे पाठवले. पद्मिनीने ताटं घेतली आणि आनंदाने विचारलं, "काय म्हणाले? सोडतील ना?" गुरुनाथाने सगळं सांगितलं. लपवावं असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण अजून त्याला वाटत होतं की ती समजून घेईल. ती हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली.

"आणि तुम्ही सही केलीत?"

"अगं, पण खरंच मला काय माहीत आहे त्याच्याबद्दल? तूच सांग."

"मी सांगू?" पद्मिनीचा आवाज चिरकला. "जिना चढताना तो चपला हातात घेतो, पोरगी अभ्यास करत असेल म्हणून. मार्चमध्ये तुम्ही दौऱ्यावर होतात आणि मला ताप होता, तर तीन दिवस त्याने दूध, भाजी सगळं आणून दिलं आणि दाराबाहेर ठेवून गेला, आत आला नाही. कुणी मोठ्याने दार आपटलं तरी तो दचकतो. बीजी भाजीत मीठ जास्त घालतात म्हणून रोज कुरकुरतो आणि रोज दोनदा वाढून घेतो. ओळख म्हणजे तुम्हाला काय वाटतं हो? त्याचं पोट फाडून आत बघायचं?"

"ही सगळी..."

"मत म्हणालात तर बघा!"

तो म्हणाला नाही. लोणी वितळून पराठ्यांवर पसरलं आणि तसंच राहिलं. शेजारच्या खोलीतून सुमेधा म्हणाली, "मम्मा, भैया कब आएँगे? मंडे को मेरा टेस्ट है."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. गुरुनाथाला ऑफिसात एक ओळ वाचवेना. विचार करायची सवय असलेल्या माणसाची मोठी पंचाईत होते, त्याला स्वतःपासून सुटकाच नसते. आपण शंका घेत आलो ती नेहमी दुसऱ्यांच्या बोलण्यावर, हे त्याच्या ध्यानात आलं. पद्मिनीच्या प्रेमावर त्याने कधी पुरावा मागितला नव्हता. टॅक्सीवाला दरीत घालणार नाही हे त्याने न विचारता धरलं होतं. जिथे आपली गरज होती तिथे सगळीकडे त्याने डोळे मिटून विश्वास टाकला होता, आणि जिथे दुसऱ्याला त्याच्या विश्वासाची गरज पडली तिथे नेमकी त्याला माहिती अपुरी पडली. अमरीक म्हणाला होता, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. आतूनही सारखीच होती. घाबरलो होतो मी, असं तो बाथरूममध्ये नळ सोडून मोठ्याने म्हणाला, आणि मग तोंड धुऊन बाहेर आला.

रविवारी सकाळी सह्यांसाठी लोक आले. त्याने पद्मिनीकरवी सगळ्यांना परत पाठवलं आणि टेबलाशी बसला. इंग्रजीत सुचेना, म्हणून आधी मराठीत लिहिलं. "मी अमरीक सिंग याला अकरा महिने ओळखतो." तिथून सुरुवात केली आणि चार पानं लिहिली. जिना, चपला, दूध, बीजगणित, भाजीतलं मीठ, दाराचा आवाज. 'मला वाटते' असं जिथे जिथे हातून गेलं तिथे ते खोडलं. पद्मिनी मागे उभी राहून सांगत होती, हेही घाला, तेही घाला. तीन दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. शेवटी त्याने लिहिलं, "तो निर्दोष आहे. माझ्या आधीच्या निवेदनास मी घाबरून सही केली होती." एवढं बिनशर्त वाक्य त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं. दुपारी सगळं इंग्रजीत उतरवलं आणि प्रत्येक पानावर शिक्का मारला.

सोमवारी त्याने रजा टाकली. बलदेव सिंग स्वच्छ पगडी बांधून फाटकाशी तयारच होते. पुन्हा तीच टॅक्सी, तेच नाके, तोच बाक.

डीएसपीने चारही पानं वाचली, घाई न करता. एके ठिकाणी, बहुधा मिठापाशी, तो जरासा हसलाही. मग पानं नीट जुळवून त्याने परत गुरुनाथापुढे सरकवली.

"फार छान लिहिलंय, साहेब. पण हे मी लावू कशाला? या नावाची फाइल आमच्याकडे नाही."

"म्हणजे? गुरुवारी इथेच, याच टेबलावर..."

"गुरुवारी आपण चहा घेतलात."

"मी निवेदन दिलं! तो माणूस तुमच्या ताब्यात होता!"

डीएसपीने डोळे चोळले. तो फार थकलेला दिसत होता. "अशा माणसाला आपण ओळखत नाही, असं आपणच म्हणालात. आम्हीही ओळखत नाही." त्याने घंटी वाजवली आणि शिपायाला सांगितलं, साहेबांना गाडीपर्यंत सोडून ये.

गुरुनाथ व्हरांड्यात आला. बलदेव सिंगांनी वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून जे कळायचं ते त्यांना कळलं असावं, कारण ते उठले नाहीत. गुरुनाथ त्यांच्याशेजारी बाकावर बसला. शिपाई चार पावलांवर उभा होता. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झाला होता.

"बलदेव सिंगजी," तो म्हणाला, "गुरुवारी मी आत काय लिहून दिलं ते तुम्हाला सांगायचं आहे." त्याने सगळं सांगितलं. शब्द न शब्द.

म्हातारा ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "पता है, साबजी. उसी दिन पता था."

"कसं?"

"तुम्ही आत चहा पीत होता तेव्हा मुन्शी कागद घेऊन बाहेर आला, नोंद करायला. त्याने मला वाचून दाखवला. हसत होता."

म्हणजे गुरुवारी ते हात कपाळाला लावले, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. लोणी पाठवलं तेव्हाही ठाऊक होतं. गुरुनाथाला त्यांच्याकडे बघवेना. "मग तुम्ही बोलला का नाहीत? मला शिव्या का नाही घातल्या?"

"शिव्या घातल्या असत्या तर आज तुम्ही आला असता?" बलदेव सिंगांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "इथे माझ्यासारख्याला फाटकातून आत कोण घेतं? तुमच्याबरोबर आलो तर निदान बाकावर बसवतात. दुसरं कोण आहे आम्हाला?"

"पण माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटत असेल..."

बलदेव सिंगांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबले आणि कळ सोसत उभे राहिले. "ते नंतर बघू, साबजी," ते म्हणाले. "पहले ये बताइए, कल कितने बजे चलना है?"